पुसून टाकायचे निरोप

मॉन्ट्रियल, १९५३. मॉन्ट्रियल जनरल हॉस्पिटलच्या संशोधन संस्थेत तुम्ही एका टेबलाशी उभे आहात. समोर काचेची छोटी भांडी आहेत, भांड्यांत कोमट क्षारद्रव आणि त्यात तरंगणारे कबुतराच्या स्वादुपिंडाचे काप. काप इतके पातळ की प्राणवायू थेट आतल्या पेशींपर्यंत पोचतो. कबुतर गेलं, पण पेशी अजून जिवंत आहेत, कामही करताहेत. तुम्ही इथे कुणाला दिसत नाही, तेव्हा खुशाल वाकून बघा.

प्रत्येक भांड्यात किरणोत्सारी फॉस्फरस-३२ टाकलेला आहे. काही भांड्यांत आणखी एक गोष्ट आहे, ॲसिटिलकोलीन. मज्जातंतू याच रसायनानं स्वादुपिंडाला पाचकरस सोडायला सांगतात. प्रयोग करणारं जोडपं म्हणजे लॉवेल आणि मेबल होकिन. त्यांचा हिशेब सरळ होता. पाचकरस म्हणजे प्रथिनं, प्रथिनं बनतात तिथे आरएनएची उलाढाल होणार, तेव्हा नवा फॉस्फरस आरएनएत दिसायला हवा. काउंटरची टिकटिक ऐका. आरएनएच्या भागात विशेष काही नाही. मात्र आरएनए मोजणारे लोक एरवी जो स्निग्ध भाग अल्कोहोल आणि ईथरनं धुऊन बाजूला काढतात, त्यात आकडा कित्येक पटींनी चढलेला.

इथे जरा थांबा, कारण पुढचं सगळं या आकड्यातून निघालं आहे. त्या काळी पेशीपटलातला मेद म्हणजे पेशीची भिंत, एवढीच त्याची किंमत होती. भिंतीनं आतलं आत आणि बाहेरचं बाहेर ठेवावं, बाकी तिला काम नाही. मग बाहेरून हाक आल्याबरोबर या भिंतीला नवा फॉस्फरस कशाला लागतो? होकिन दांपत्य हा प्रश्न सोडत नाही. १९५८ पर्यंत त्यांनी नेमका मेद हुडकलेला असतो. त्याचं नाव फॉस्फॅटिडिलइनॉसिटॉल, पटलातला एक किरकोळ घटक. हाक आली की तो मोडतो आणि पुन्हा बांधला जातो. कशासाठी, ते पुढची बरीच वर्षं कुणाला सांगता येणार नाही.

आता १९६८ मध्ये चला, अमेरिकेत मॅडिसनला, विस्कॉन्सिन विद्यापीठात. होकिन दांपत्यही एव्हाना इथेच आलं आहे. पण आपण शेजारच्या प्रयोगशाळेत जातोय, डग्लस फिशर आणि जेराल्ड म्युलर यांच्याकडे. इथे काचेच्या नळ्यांत माणसाच्या रक्तातल्या लिंफोसाइट पेशी आहेत. आपल्या प्रतिकारशक्तीचा कणा याच पेशी. त्या स्वस्थ आहेत, लहान, गोल, जवळजवळ सगळी पेशी केंद्रकानंच भरलेली. आठ वर्षांपूर्वी फिलाडेल्फियात पीटर नॉवेल यांना दिसलं होतं की राजम्यातून काढलेलं एक प्रथिन या पेशींवर टाकलं तर त्या जाग्या होऊन विभागू लागतात. त्याआधी लिंफोसाइट ही आयुष्य संपत आलेली, पुढे काही न करणारी पेशी समजली जायची. ते प्रथिन म्हणजे फायटोहिमॅग्लुटिनिन. अर्धकच्च्या राजम्यानं उलट्या होतात त्याही याच्यामुळेच.

फिशर यांच्या नळीत राजम्याचं प्रथिन पडलं. पेशीला आपला डीएनए दुप्पट करायला दिवसभर लागणार आहे. पण फॉस्फरस-३२ काही मिनिटांतच हलला, आणि तो शिरला तोच कबुतराच्या कापात शिरला होता त्या मेदात. स्वादुपिंडाला पाचकरस सोडायचाय, लिंफोसाइटला युद्धाची तयारी करायचीय. दोन्हीकडे पहिली हालचाल मात्र भिंतीतल्या त्याच विटेची.

पुढची काही वर्षं भराभर ओलांडू. १९७५ साली बर्मिंगहॅमचे रॉबर्ट मिचेल सगळे विखुरलेले पुरावे एका लेखात एकत्र करतात आणि म्हणतात की या मेदाचं तुटणं आणि पेशीत कॅल्शियम वाढणं यांचा संबंध असला पाहिजे. पुष्कळांना ते पटत नाही. १९८३ साली फ्रँकफर्टमध्ये हान्सपीटर श्ट्रेब आणि इरेने शुल्झ, तर केंब्रिजकडून मायकेल बेरिज आणि रॉबिन अर्विन, असे चौघं मिळून ते पटवून देतात. उंदराच्या स्वादुपिंडातल्या पेशींच्या पटलाला छिद्रं पाडून त्यांनी आत एक रेणू सोडला, आयपी-थ्री. फॉस्फॅटिडिलइनॉसिटॉलला आणखी दोन फॉस्फेट चिकटून जो पिप-टू नावाचा मेद बनतो, त्याचं हे तुटलेलं डोकं. ते सोडताच पेशीच्या आतल्या कोठारातून कॅल्शियम बाहेर आलं.

डोकं तुटलं तर धड कुठे गेलं? त्यासाठी जपानमध्ये कोबेला जावं लागेल, आणि तिथे मी तुम्हाला घाई करणार नाही.

कोबे विद्यापीठात यासुतोमी निशिझुका यांच्याकडे एक एन्झाइम आहे. १९७७ साली त्यांनी ते मेंदूतून वेगळं केलं. दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट जोडणं हे त्याचं काम, पण ते एरवी झोपलेलं असतं. मेद आणि कॅल्शियम मिळालं की जागं होतं. आता अडचण पाहा. शुद्ध फॉस्फोलिपिड दिलं तर त्याला जागं व्हायला इतकं कॅल्शियम लागतं की जिवंत पेशीत तेवढं कधीच नसतं. मेंदूतून काढलेला कच्चा, गाळीव नसलेला मेद दिला की मात्र थोडक्या कॅल्शियमवर काम भागतं. म्हणजे शुद्ध माल निकामी आणि मळका माल कामाचा. दुसरा कुणी शुद्ध माल आणखी शुद्ध करत बसला असता. यांनी मळात काय आहे ते शोधलं. १९७९ मध्ये सापडलं ते डायासिलग्लिसरॉल, थोडक्यात डॅग. पिप-टूचं डोकं तुटल्यावर पटलात उरतं ते धड हेच! आयपी-थ्री पाण्यात विरघळून आत निघून जातं, डॅग पटलातच राहतं आणि या एन्झाइमला बोलावून घेतं. ते एन्झाइम आता प्रोटीन कायनेज-सी म्हणून ओळखलं जातं. मला विचाराल तर या साऱ्या इतिहासातलं सर्वांत देखणं काम हेच आहे.

कोबे सोडू नका, अजून तीन वर्षं इथेच राहा. १९८२ मध्ये फ्रान्सहून आलेल्या मोनिक कास्ताञा आणि निशिझुका यांचे सहकारी त्या एन्झाइमवर एक वेगळाच पदार्थ टाकतात. तो जमालगोट्यापासून आलेला आहे.

जमालगोटा, म्हणजे वैद्यांचा जेपाळ. त्याचं बी आपल्याकडे दुधात उकळून, शोधन करूनच औषधात घालतात. इच्छाभेदी रसात तो असतो आणि जुलाबाचं औषध म्हणून त्याची जरब अजूनही आहे. त्याचं तेल कातडीवर लागलं तर फोड येतात. १९४१ साली ऑक्सफर्डमध्ये आयझॅक बेरेनब्लम यांनी दाखवलं होतं की उंदराच्या कातडीवर कर्करोगजनक द्रव्य अगदी थोडं लावून मग हे तेल पुन्हा पुन्हा चोळत राहिलं तर गाठी येतात. एकट्या तेलानं येत नाहीत, पण दबा धरून बसलेला बदल ते पुढे रेटतं. साठच्या दशकात हायडेलबर्गला एरिख हेकर यांनी तेलातले नेमके रेणू वेगळे केले. त्यांना फोरबॉल एस्टर म्हणतात आणि त्यांतल्या सर्वांत तिखट रेणूला प्रयोगशाळेत पीएमए. ते शरीरात नेमकं करतात काय, हे चाळीस वर्षं गूढ होतं.

कोबेत ते उलगडतं. पीएमएच्या रेणूचा एक कोपरा डॅगसारखा आहे. प्रोटीन कायनेज-सी फसतं आणि त्याला डॅग समजून जागं होतं. फरक एकच, पण तो भयंकर आहे. खरं डॅग पेशी लगेच मोडून टाकते. पीएमए तिला मोडता येत नाही. निरोप तासन्‌तास वाजत राहतो. कातडीवरच्या गाठींचा उलगडा इथे होतो, आणि मला सांगायची गोष्टही हीच आहे. मेदाचा निरोप किती जोरात आला याइतकंच तो किती वेळात पुसला गेला यालाही महत्त्व आहे. प्रतिकारशक्तीच्या बाबतीत तर पुसण्याला जास्तच.

ते पाहायला आता तारखा बाजूला ठेवा आणि सेकंद मोजा. तुम्ही लहान होताय, माणसाच्या गळ्याजवळच्या एका लसिकाग्रंथीत शिरताय. समोर सात-आठ मायक्रॉनची एक टी-पेशी आहे. एका शाखीय पेशीनं कुठल्याशा विषाणूचा तुकडा तिच्यापुढे धरला आहे. टी-पेशीचा रिसेप्टर तो चाचपतो आणि तुकडा बरोबर बसतो.

पहिल्या काही सेकंदांत पटलाच्या आतल्या बाजूला प्रथिनांची झुंबड उडते आणि फॉस्फोलायपेज-सी नावाची कात्री पिप-टूपाशी येऊन पोचते. पिप-टू हा पटलातल्या मेदाचा साधारण शंभरावा हिस्सा असेल नसेल. कात्री चालते. आयपी-थ्री आत पोहत जाऊन कोठाराच्या दारावर बसतं, कॅल्शियम बाहेर पडतं. पण कोठार छोटं आहे, त्यानं पेशीचं भागत नाही. कोठार रिकामं होताच त्याच्या भिंतीतलं स्टिम नावाचं प्रथिन बाहेरच्या पटलाजवळ सरकतं आणि तिथली ओराय ही दारं उघडतं. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त आहे, त्यामुळे ते लोंढ्यानं आत येतं. ओराय सापडलं २००६ मध्ये. मूळच्या भारतीय असलेल्या अंजना राव आणि त्यांचे सहकारी स्टेफान फेस्के यांच्या गटानं ते जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांच्या जनुकांवरून शोधलं. त्या मुलांच्या टी-पेशी होत्या, रिसेप्टरही होते, फक्त हे दार उघडत नव्हतं.

कॅल्शियम चढलं की कॅल्सिन्युरिन जागं होतं. ते एनफॅट नावाच्या प्रथिनाचे फॉस्फेट काढतं आणि एनफॅट केंद्रकात शिरतं. मूत्रपिंड बदललेल्या तुमच्या ओळखीच्या कुणाला सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस चालू असेल, तर ती औषधं हीच पायरी अडवतात, म्हणजे टी-पेशी परक्या मूत्रपिंडावर धावून जात नाहीत.

तिकडे पटलात उरलेलं डॅग स्वस्थ नाही. ते प्रोटीन कायनेज-सीचा टी-पेशीतला खास भाऊ, थीटा, याला ओढून घेतं आणि रास-जीआरपी या दुसऱ्या प्रथिनालाही. कॅल्शियमचा रस्ता आणि डॅगचा रस्ता दोन्ही चालू असले तरच पेशी इंटरल्यूकिन-२ बनवते, वाढते, विभागते. १९८५ साली मार्सेयमध्ये हे अगदी उघड दाखवलं गेलं. विषाणू नको, रिसेप्टर नको, कॅल्शियम आत घेणारं एक रसायन आणि फोरबॉल एस्टर एवढं द्या, टी-पेशी जागी होते. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत जॉन इम्बोडन आणि जॉन स्टोबो यांनी दाखवलं की टी-पेशीच्या खऱ्याखुऱ्या रिसेप्टरला छेडलं तरी आयपी-थ्री बनतं.

आता पुसणारे हात बघा. डॅगवर डायासिलग्लिसरॉल कायनेज झडप घालतं आणि त्याला फॉस्फेट चिकटवून दुसराच मेद करून टाकतं. आयपी-थ्रीचे फॉस्फेट एकेक करून काढले जातात. हे हात जरा जास्त चपळ झाले तर टी-पेशीला कॅल्शियमचा निरोप पोचतो, डॅगचा पोचत नाही, आणि ती बधिर होते. समोर शत्रू असूनही उठत नाही. स्वतःच्याच शरीरावर हल्ला होऊ नये म्हणून शरीर ही बधिरता मुद्दाम वापरतं, आणि कर्करोगाच्या गाठीतही टी-पेशी अशा निपचित पडलेल्या सापडतात. ऐन वेळी पुसलं तर रक्षण, भलत्या वेळी पुसलं तर घात.

पुन्हा मोठे व्हा. १९८८, कॅलिफोर्नियातलं ला होया. ॲलेक्सिस ट्रेनर-कॅप्लन यांच्या समोर न्यूट्रोफिल पेशी आहेत, जंतू दिसला की पहिल्यांदा धावणाऱ्या. जंतूंच्या प्रथिनातला एक छोटा तुकडा टाकताच त्या पेशींत असा मेद उगवतो, जो शांत पेशीत जवळपास नसतोच. पिप-टूला तिसऱ्या जागी आणखी एक फॉस्फेट जोडून तो बनतो, पिप-थ्री. हा तुटत नाही, पटलातच उभा राहतो आणि ठरावीक प्रथिनांना आपल्याकडे बोलावतो. काम झालं की तो पुसण्यासाठी पीटेन आणि शिप ही वेगळी एन्झाइम आहेत.

आणि आता मागे, १९५२ मध्ये. अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात. हा प्रवास उलटा आहे, कारण इथे जे दिसणार ते वाचता यावं म्हणून आधी पुढे जाऊन यावं लागलं. खाटेवर आठ वर्षांचा मुलगा आहे. न्यूमोकॉकस जंतू त्याच्या रक्तात पुन्हा पुन्हा शिरतो, दर वेळी प्रतिजैविक देऊन त्याला वाचवावं लागतं. त्याच्यावर उपचार करणारे कर्नल ऑग्डेन ब्रुटन त्याच्या रक्तातली प्रथिनं नव्या विद्युत्-पद्धतीनं वेगळी करून बघतात. कागदावर जिथे गॅमा-ग्लोब्युलिनचा उंचवटा हवा, तिथे सपाट रेघ. मुलाकडे प्रतिपिंडंच नाहीत. ब्रुटन इतरांच्या रक्तातून काढलेलं गॅमा-ग्लोब्युलिन त्याला दर महिन्याला टोचू लागतात आणि आजारपणं आटोक्यात येतात. कारण माहीत नसताना नेमकी उणीव ओळखून ती भरून काढणं मला फार मोठं वाटतं. आजही अशा मुलांचा मुख्य उपचार तोच आहे.

कारण कळायला १९९३ उजाडलं. या रोगाचा जनुक दोन गटांनी वेगवेगळा शोधला आणि त्यातून बनणाऱ्या प्रथिनाला ब्रुटन यांचंच नाव मिळालं, ब्रुटन टायरोसिन कायनेज, म्हणजे बीटीके. त्याच वर्षी दिसलं की अशाच प्रकारे कमकुवत असलेल्या उंदरांच्या एका वाणात या ६५९ अमिनो आम्लांच्या प्रथिनात फक्त २८व्या जागी बदल आहे. काही मुलांतही बदल नेमका त्याच जागी आढळला. कायनेज म्हणून काम करणारा भाग शाबूत, मग बिघडलं काय? तो २८वा दुवा प्रथिनाच्या ज्या टोकात आहे, ते टोक पिप-थ्रीला धरतं. बी-पेशीनं पटलात पिप-थ्री उभा केला, निरोप लिहिला गेला, पण बीटीके तो वाचू शकत नाही. पटलापाशी येतच नाही. मग बी-पेशी पुरत्या वाढत नाहीत आणि प्रतिपिंडं बनत नाहीत.

याच्या अगदी उलटा आजार २०१३ मध्ये सापडला. पिप-थ्री बनवणारं एन्झाइम, पीआयथ्रीके-डेल्टा, काही कुटुंबांत जन्मतः अति चालू असतं. निरोप थांबतच नाही. तुम्हाला वाटेल या मुलांची प्रतिकारशक्ती जबरदस्त असेल. ती त्याउलट वारंवार आजारी पडतात, त्यांच्या लसिकाग्रंथी सुजतात आणि टी-पेशी लवकर म्हाताऱ्या होतात. या एन्झाइमला लगाम घालणारं लेनिओलिसिब हे औषध २०२३ च्या मार्चमध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

शेवटचा मुक्काम परळ, आत्ताचा काळ. के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे. जन्मजात प्रतिकारदोष असलेल्या मुलांच्या रक्ताचे नमुने इथे दुरून येतात. समजा एका मुलाला यकृतात गळू झालंय, फुफ्फुसात बुरशी आहे आणि बीसीजी टोचल्याजागची गाठ बसत नाहीये. त्याच्या रक्ताच्या नळीशेजारी निरोगी माणसाच्या रक्ताची नळी ठेवली आहे. दोन्हींत आधी एक रंगद्रव्य टाकतात, जे ऑक्सिडेशन झाल्यावर हिरवं चमकतं. मग दोन्हींत पीएमए टाकतात. न्यूट्रोफिल फसतात, प्रोटीन कायनेज-सी जागं होतं, ते पी-४७ नावाच्या प्रथिनाला फॉस्फेट जोडतं, आणि जंतू मारण्यासाठी ऑक्सिजनचे विखारी रेणू तयार करणारं यंत्र जुळून येतं. त्या जुळणीतली दोन प्रथिनं पटलातल्या इनॉसिटॉल मेदांनाच धरून बसतात.

चमक मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर निरोगी माणसाच्या पेशी उजवीकडे सरकल्या आहेत, हिरव्या झाल्या आहेत. मुलाच्या पेशी जागच्या हलल्या नाहीत. त्याच्या आईचं रक्तही तपासायला घेतलं आहे. तिच्या आलेखात दोन उंचवटे आहेत, काही पेशी चमकलेल्या आणि काही न चमकलेल्या. म्हणजे दोष एक्स गुणसूत्रावरचा आहे आणि आई वाहक आहे. रोगाचं नाव क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज.

डॉक्टर लिहू लागतात. मुलाला रोज को-ट्रायमॉक्साझोल आणि बुरशीसाठी इट्राकोनॅझोल. अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी भावंडांची तपासणी. आई पुन्हा गरोदर आहे, म्हणून खाली अधोरेखित करून एक सूचना. बाळ झालं की त्याच्या रक्ताची हीच चाचणी करायची, आणि अहवाल येईपर्यंत त्याला बीसीजी द्यायचं नाही.